लाल दिवा व्यवस्थित लागतो आहे

१ जुलै, मंगळवार

आज घरी ब्रॉडबँड आलं. फायबर. शिरगावात आमच्या आळीत हे दुसरं. पहिलं शेजारच्या दीपकचं, पण त्याच्याकडे त्यावर नुसते क्रिकेटचे सामने बघतात, सबब ते मी धरत नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. आमचा मुलगा अजिंक्य बोटीवर इंजिनिअर आहे. त्याचा फोन येतो तो त्याच्या आईच्या, म्हणजे मालनच्या, मोबाईलवर. ती मोबाईल कानाला लावते आणि तडक मागच्या परसात जाते. मला फक्त एका बाजूचं ऐकू येतं. "हो का", "अगोबाई", "बरं झालं". एवढ्यावरून माणसानं काय समजायचं? माझा मोबाईल बटणांचा. त्यावर तो फोन करत नाही त्याला एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. बापलेकाचं आमचं उत्तम आहे. फारसं बोलत नाही इतकंच.

कॉम्प्युटर मात्र माझा आहे. त्यावर आलेला कॉल हा माझा कॉल.

मुख्य मुद्दा. पोरगा गणपतीला येतोय की नाही? २७ ऑगस्टला चतुर्थी. तो येणार असेल तर नेहमीची मोठी मूर्ती, कारण सदूच्या गणपतीच्या शाळेतून ती डोक्यावरून घरी आणायची आणि ते काम आता त्याचं. माझा गुडघा संपला. तो येणार नसेल तर लहान मूर्ती, रिक्षात मांडीवर घेऊन. सदू ज्याच्या त्याच्या घरच्या पाटावरच मूर्ती घडवतो, तेव्हा मोठा पाट पोचवायचा की धाकटा, हे आधी ठरलं पाहिजे. दिव्यांच्या अवसेपर्यंत मुदत. म्हणजे २४ जुलै. दोन्ही पाट माळ्यावर आहेत.

मालनला ठाऊक असेलही. तिला विचारणार नाही. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापना शाखा सांभाळली, तिथे कधी दुसऱ्या टेबलावरून माहिती मागवली नाही. जे विचारायचं ते थेट.

कंपनीचा नितेश येऊन मोडेम लावून गेला. चाळिशीचा मिशीवाला गृहस्थ, बोलायला बरा. पण काम अव्यवस्थित. मोडेम पुढच्या पडवीत, आणि उरलेली वायर गोल गुंडाळून खिळ्याला नुसती लोंबत ठेवली. म्हणाला, काका, ही अशीच राहू दे. बरं म्हटलं. वाद नको.

२ जुलै, बुधवार

लोंबणारी वायर रात्रभर डोक्यात राहिली. सकाळी चहा घेऊन कामाला लागलो.

मोडेम पडवीतून काढून आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या टेबलावर आणला. वायर भिंतीच्या कडेकडेनं काटकोनात घेतली. क्लिपा ठोकल्या. कोपरे असे सुरेख बसले की ओळंबा लावून घ्यावा. उरलेल्या वायरीची घडी घातली आणि सुतळीनं आवळून टेबलाखाली बांधली. आंब्याच्या पेटीला मारतो ती गाठ. या गाठीची पेटी वाशीपर्यंत ट्रकमधून जाते आणि हलत नाही. वायरीची काय कथा.

मालन बघून म्हणाली, नितेश अशीच ठेवा म्हणाला होता ना. तिला सांगितलं की त्याला घाई होती.

मोडेमवर काल हिरवे दिवे होते. आज एक ठळक लाल दिवा लागला आहे. करंट पूर्वीपेक्षा चांगला पोचतो आहे असं दिसतं.

३ जुलै, गुरुवार

कॉम्प्युटर सुरू केला. २००९ चा आहे, पण तेव्हाची वस्तू म्हणजे वस्तू. सुरू व्हायला वेळ लागतो. मी तोवर दाढी केली, आंघोळ केली, पूजा आटोपली. आलो तेव्हा अर्धा झाला होता.

पडद्यावर तारीख १ जानेवारी २००९. आतला बारका सेल संपल्यामुळे बंद केला की तो दर वेळी तिथून सुरुवात करतो. मला गैरसोय वाटत नाही. साल चांगलं होतं.

इंटरनेट मात्र नाही. "कनेक्शन उपलब्ध नाही." लाल दिवा व्यवस्थित लागतो आहे. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नाही, मोडेमचा नाही, माझा तर नाहीच. कंपनीचा.

४ जुलै, शुक्रवार. सकाळी

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. हिंदीत बाई आली. मी तिला माझ्या सेवाकाळाची थोडक्यात कल्पना दिली. ती म्हणाली, सर, मोडेम बंद करून चालू करा. केला. म्हणाली, लाइट कौनसी है? म्हटलं, लाल, एकदम कडक. ती गप्प झाली. प्रभावित झाली असावी.

तक्रार नोंदवून घेतली.

दुपारी

नितेशचा फोन. त्यानंही दिव्याचंच विचारलं. मी सांगितलं लाल दिवा उत्तम आहे, प्रश्न तुमच्या खांबावरचा आहे. तो म्हणाला, काका, वायर कुठे वाकली-बिकली नाही ना? मी विचारलं, माझ्या घरात येऊन बघितलंस का तू वाकलेली? तसं म्हणत नाही म्हणाला. पाली भागात झाड पडून लाइनी तुटल्यात, तिकडचं उरकलं की येतो म्हणाला. म्हटलं, सावकाश ये. तोवर मीच लावतो छडा.

६ जुलै, रविवार

छडा लागला. दमट हवा!

आपल्याकडे आषाढात काडेपेटी पेटत नाही, पापडाला बुरशी धरते, कपाटातल्या कोटाला मिशा फुटतात. मग मोडेमचं काय होत असेल? इतका साधा विचार कंपनीनं केलेला नाही. यांची यंत्रं बनतात कोरड्या मुलखात.

मोडेम स्वैपाकघरात नेऊन चुलीच्या वरच्या फळीवर शेकायला ठेवला, जिथे मालन कोकमं ठेवते तिथे. दुपारपर्यंत खडखडीत सुकला. थोडा कोकमाचा वास लागला आहे. परत लावला. लाल दिवा.

उद्या परत शेकवणार. एका दिवसात कुठलीच वस्तू वाळत नाही.

८ जुलै, मंगळवार

दुसऱ्यांदा शेकताना मोडेमच्या एका कोपऱ्याचं प्लास्टिक किंचित नरम झालं. कार्यात बाधा नाही.

बाजारात मासळी घ्यायला गेलो होतो. बांगडे बरे होते, तोलायला सांगणार इतक्यात समोरून सदू. मूर्ती केवढी करू विचारणार, आणि मी काय सांगणार? छत्री आडवी धरली आणि पलीकडच्या गल्लीत शिरलो. त्यानं पाहिलंच. मागून ओरडला, "आत्मारामभाऊ, तो पाट..." पुढचं पावसात गेलं. मुदत २४ ची, आणि हा ८ लाच तगादा करतो! माणसाला धीर नाही.

घरी बांगडे न घेता आलो. मालनला सांगितलं, बांगडे ताजे नव्हते. कुळथाची पिठी खाल्ली.

९ जुलै, बुधवार

अजिंक्यचा फोन आला. मालन परसात. मी सहज मागच्या दाराच्या आत सुंभ वळत उभा होतो. "हो", "मग काय", "ते बघू रे". यात गणपतीचा उल्लेख नाही.

जेवताना मालन म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचं असलं तर मला विचारा. रोज बोलणं होतं माझं." म्हटलं, मला काय विचारायचंय? तिनं ताक वाढलं.

थेट विचारणार. रविवारी, २० तारखेला त्याची बोट अमेरिकेत ह्यूस्टनला लागते आहे, एवढं मालनच्या बोलण्यातून कानावर आलं आहे. बंदरात नेट चांगलं असतं. तोवर माझंही चांगलं होईल.

११ जुलै, शुक्रवार

सकाळीच मालन सुतळी शोधत होती. पडवीतला दोडक्याचा वेल खाली आलाय, त्याला बांधायला. मी म्हटलं घरात असेल कुठे तरी.

दुपारी झोपून उठलो तो मोडेमवर हिरवा दिवा!

याला म्हणतात पाठपुरावा. ४ तारखेला मी त्या बाईला ज्या स्वरात बोललो तो वरपर्यंत पोचायला आठवडा लागला, पण पोचला. सरकारी काय, खाजगी काय, फाइल हलवणारा माणूस लागतो.

संध्याकाळी लक्षात आलं की टेबलाखालची सुतळी मालननं सोडून नेली आहे आणि वायर जमिनीवर ऐसपैस पसरली आहे. घरात कुणाला नीटनेटकेपणाची चाड नाही. दोडक्याचा वेल मात्र माझ्या सुतळीत सरळ उभा आहे.

१२ जुलै, शनिवार

इंटरनेट आहे, पण कॉम्प्युटर एकही पान उघडत नाही. प्रत्येक वेळी म्हणतो, हे पान सुरक्षित नाही, तुमचं घड्याळ चुकीचं आहे. २००९ सालात बसून २०२५ मधली पानं मागितली तर मिळत नाहीत असं दिसतं. तारीख हातानं बदलली. पान उघडलं. चहाला उठलो, वीज गेली, आली. पुन्हा २००९. पुन्हा बदलली.

दुसरी अडचण. बँकेनं पेन्शनरांसाठी घेतलेल्या शिबिरात व्हिडिओ कॉलचा जो प्रोग्रॅम मी रीतसर शिकलो होतो, तो उघडला. पडद्यावर सूचना आली की हा प्रोग्रॅम आता बंद झाला आहे. माझ्याकडे नव्हे, सगळ्या जगात. मला न कळवता.

दीपक म्हणाला, काका, आता नुसती लिंक पाठवायची असते, ती उघडली की झालं. त्यासाठी नवा ब्राउझर उतरवून घ्यावा लागेल म्हणाला. घेतो आहे. सकाळी लावलाय. सध्या तेरा टक्के.

१३ जुलै, रविवार

ब्राउझर उतरला. मन प्रसन्न झालं, म्हणून म्हटलं आता वायर पूर्ववत करून टाकू. परत घडी, परत सुतळी (नवी आणली, दोडक्याची काढली नाही, एवढा मी वाईट नाही). परत तीच गाठ, या वेळी जास्त आवळून.

हिरवा दिवा गेला. लाल आला.

रविवारी कंपनी लोकांची नेटं बंद ठेवते, हे आज समजलं. कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही.

१५ जुलै, मंगळवार

सोमवार गेला, मंगळवार आला, लाल दिवा तसाच. माझा रविवारचा सिद्धांत मी मागे घेत आहे.

आज मोठा शोध लावला. खाली पडलेला चष्मा काढायला टेबलाखाली गेलो. उठताना आधारासाठी जी हाताला लागली ती वायर धरली. मालन वरून म्हणाली, "अहो, हिरवा लागला." सोडली. "गेला." धरली. "लागला."

म्हणजे वायर सुतळीच्या गाठीजवळ धरून, किंचित वर उचलून, ताणून ठेवली की इंटरनेट येतं. हाताच्या उष्णतेनं असावं. मी पहिल्यापासून दमट हवा म्हणत होतो.

मालन म्हणाली, गाठ सोडून बघा. मी सोडलीही, तिच्या समाधानासाठी. आता सोडूनही लाल. घडीच्या जागी वायर जरा पांढरी पडली आहे. तेव्हा गाठीचा संबंध नव्हता हे सिद्ध झालं.

१६ जुलै, बुधवार

नितेशला बोलवावं का, याचा विचार केला. नको. तो आला की पहिल्यांदा क्लिपा बघणार, मग घडी बघणार, आणि मग मिशीतल्या मिशीत हसणार. त्यापेक्षा माझा तोडगा बरा. रविवारी मी खुर्चीवर बसून बोलेन, मालन टेबलाखाली बसून वायर धरेल.

मालनला योजना समजावून सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला त्याच्याशी एवढं काय बोलायचंय?"

म्हटलं, आहे एक काम.

ती बरं म्हणाली. अजिंक्यला निरोपही तिनंच दिला, रविवारी संध्याकाळी आठ वाजता आपल्याकडच्या वेळेनं, बाबांच्या कॉम्प्युटरवर. त्याचं लगेच उत्तर आलं: एक हसणारं तोंड आणि एक अंगठा. तोंड कशाला हसतंय हे मालनला विचारलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

मालनचं प्रशिक्षण. टेबलाखाली गोधडीची घडी टाकून दिली, पाठीला उशी. उंची, कोन, ताण सगळं दाखवलं. तिला लगेच जमलं, हे कबूल केलं पाहिजे. पण कामाचं गांभीर्य नाही. एका हातात वायर, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि अंगठ्यानं कुणाला तरी लिहीत होती. मध्येच हसली. कुणाशी चाललंय विचारलं तर म्हणाली, अजिंक्यशी.

म्हटलं, रविवारच्या आधी त्याच्याकडचे विषय संपवू नकोस.

१८ जुलै, शुक्रवार

रंगीत तालीम. दीपकनं त्याच्या घरून लिंक उघडली, मी इथून. चित्र आलं. दीपकचा पंखा दिसला. त्याला वाटत होतं तोच दिसतोय. माझ्या बाजूनं त्याला माझं कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसलं म्हणे. कॅमेऱ्याखाली लाकडाचा ठोकळा लावला. आता मी पूर्ण दिसतो.

बोलायचे विषय ठरवले. एक, इंटरनेटचा वेग. दोन, इंजिनरूममधली उष्णता. तीन, गणपती. एकदम गणपती काढणं बरं दिसत नाही. माणसानं आधी चार गोष्टी बोलाव्यात.

१९ जुलै, शनिवार

केस कापून आलो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मालन म्हणाली, पोरगी बघायला चाललात काय? दुर्लक्ष केलं.

परत येताना सदूची शाळा टाळण्यासाठी आरे-वाऱ्याच्या रस्त्यानं वळसा घातला. भिजलो. गुडघा दुखतो आहे. उद्या एकदा अजिंक्यकडून कळलं की छाती पुढे काढून सदूच्या दारावरून जाणार.

तो येणारच असं मला वाटतं. गेल्या वर्षी आला नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षी आला होता तेव्हा मूर्ती डोक्यावर घेऊन नाक्यापासून घरापर्यंत एकदाही थांबला नाही. मी मागून छत्री धरून चालत होतो. तेव्हा काही बोललो नाही त्याला. रस्त्यात काय बोलायचं?

नाही येणार म्हणाला तर काय करायचं, याचा विचार केलेला नाही. धाकटा पाटही तसा चांगला आहे.

२० जुलै, रविवार. सायंकाळी साडेसात

सर्व सज्ज. कॉम्प्युटर दुपारी चारलाच सुरू करून ठेवला. तारीख बदलली. शर्ट घातला. मालन जागेवर. हिरवा दिवा. पाऊस आहे, पण वीज आहे.

नंतर

आठ वाजता कॉल आला. अजिंक्य दिसला. स्पष्ट. दाढी वाढवली आहे. ही दाढी मला कुणी कळवली नव्हती.

"बाबा, दिसतोय का मी?" म्हणाला.

मी म्हटलं, चित्र उत्तम आहे. मग वेग सांगितला, कंपनीच्या कागदावर लिहिलाय तेवढा. तो छान म्हणाला. मग इंजिनरूमचं विचारलं. गरम असतं म्हणाला. मी म्हटलं, इकडे पाऊस आहे. तो म्हणाला, इकडे ऊन आहे. मग दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. चित्र अडकलं की काय वाटलं, पण तो पापण्या हलवत होता.

विषय तिसरा. मी घसा साफ केला. अगदी जिभेवर होतं. आणि विचारलं, "बोटीवर इंटरनेट कसं आहे?"

"बरं आहे," म्हणाला. मग, "आई कुठे आहे?"

म्हटलं, टेबलाखाली.

का, असं त्यानं विचारलं. मी तांत्रिक कारण सांगितलं. तो हसायला लागला. मोठ्यानं. खुर्चीतून मागे जाऊन हसला. मालनही खालून हसली, आणि चित्र हललं. तिला वर पाठवा म्हणाला. मग मी खाली गेलो, गुडघा धरून, आणि ती वर.

टेबलाखालून मालनची पावलं तेवढी दिसत होती. पण दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच ऐकू आलं. परसातलं जे मला कधी कळत नव्हतं ते सगळं. दाढी ठेवू की काढू यावर दोघांत महिनाभर वाद चालू आहे असं दिसतं. दोडक्याचा वेल कुठवर गेला ते त्याला ठाऊक होतं. माझा मोडेम चुलीवर शेकला तेही ठाऊक होतं. त्यानं तिला विचारलं की बाबांचा गुडघा कसा आहे. ती म्हणाली, डॉक्टरकडे जात नाहीत, लांबच्या वाटेनं फिरतात.

मग तिनं विचारलं, तिकीट झालं ना? झालं म्हणाला. ऑगस्टच्या अठराला मुंबईत उतरतो, पंचवीसला सकाळी रत्नागिरीत, घरी. ती म्हणाली, पाट दिलाय मी सदूकडे महिन्यापूर्वीच. मोठाच. यंदा डोक्यावरून आणायचाय तुला.

मी वायर धरून ऐकत होतो. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. टेबलाखाली अंधार होता ते ठीक झालं.

मग अजिंक्य म्हणाला, "बाबांना सांगितलंस ना?"

मालन म्हणाली, "त्यांनी विचारलंच कुठे?"

माझा हात किंचित हलला. वर आवाज बंद झाला. मालननं खाली वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, वायर." मी पुन्हा धरली. आवाज आला. मधलं काही गेलं असेल तर ते गेलं.

तो म्हणत होता, मलाही नाही विचारलं. मी आपला वाट बघत होतो, आता विचारतील, मग विचारतील. इंजिनरूमचं विचारलं.

मग तो जरा मोठ्यानं म्हणाला, "बाबा, हात दुखला असेल. सोडा आता."

मी खालून म्हटलं, "राहू दे. बोला तुम्ही."

ते त्याला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. माइक वर होता. आणखी बराच वेळ बोलले दोघं. मी वायर सोडली नाही.

२२ जुलै, मंगळवार

काल दिवसभर उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मालननं तेल चोळलं. लिहिलं नाही.

आज नितेश आला. मी बोलावलं. क्लिपा बघितल्या, घडी बघितली, हसला नाही. कुणी बांधली होती विचारलं. मी म्हटलं, असेल कुणी तरी बांधलेली. त्यानं वायर बदलली आणि उरलेली गोल गुंडाळून खिळ्याला लोंबत ठेवली. दिवे सगळे हिरवे. आता कुणी धरायची गरज नाही.

संध्याकाळी सदूकडे जाऊन आलो. सरळ रस्त्यानं. मोठ्या पाटावर मूर्ती उभी आहे, अजून पांढरी. मी हात लावला नाही. सदू म्हणाला, बाजारात तेच सांगत होतो भाऊ, तुम्ही पळालात. म्हटलं, घाई होती.

परत आलो, कॉम्प्युटर सुरू केला आणि समोर बसलो. तारीख बदलली. आठ वाजले. साडेआठ वाजले. कॉल आला, मालनच्या मोबाईलवर. ती परसात गेली नाही. दोन शब्द बोलली आणि माझ्यापुढे येऊन मोबाईल धरला. तुमच्याशी बोलायचंय म्हणतो.

घेतला. कानाला लावला. हात कसा आहे बाबा, म्हणाला. म्हटलं, बरा आहे. आणि पुढे माझ्याच तोंडून निघालं, "थांब, आईला देतो."

मोबाईल मालनपुढे धरला. ती घेईना. पदराला हात पुसत उभी राहिली, हात कोरडे होते तरी. मी तसाच धरून. मोबाईलमधून अजिंक्य बाबा, बाबा करत होता.

परत कानाला लावला. काय बोलायचं ते काही ठरवलेलं नव्हतं. विचारलं, "जेवलास का?"

तो म्हणाला, "बाबा, इथे सकाळ आहे."

मग नाश्त्याचं विचारलं.